मातीच्या बंधाऱ्याचा लेख

३ एप्रिल. सकाळ.
संकल्प : आजपासून समतोल. ऑनलाइन विश्वकोशातला एक लेख उडवला की एक नवा लिहायचा. तिथे कुणीही उठतं आणि काहीही लिहितं. मी अ‍ॅडमिन, मला झाडू मारावाच लागतो. पण नुसता झाडूवाला म्हणून नाव नको. पहिला लेख आपल्या ऑल्डर फॉल्स गावाच्या इतिहासावर. उद्या सुरुवात.

५ एप्रिल.
उडवले : बरेच. लिहिले : अजून नाही. शीर्षक मात्र सुचलंय.

८ एप्रिल.
शेजारच्या टोवाने कोशात लेख टाकलाय. बाई नर्स आहे, नर्सच राहावं. विषय : गावाच्या डोक्यावरचा जुन्या खाणीचा मातीचा बंधारा. मागे तो गळला तेव्हा चिखल कुठून कुठे गेला, त्याचा हाताने काढलेला नकाशासुद्धा. आधार काय, तर म्हाताऱ्यांच्या आठवणी! लेख उडवावा का, अशी चर्चा लावली.

११ एप्रिल.
चर्चेला कुणी फिरकलं नाही. म्हणजे सर्वांची संमती. लेख उडवला.
टोवा कुंपणापाशी आली. म्हणाली, वेंडेल, छापील पुरावा मिळायला आधी बंधारा फुटावा लागेल का? मी शांतपणे नियम समजावले. मग म्हणाली, खालच्या गल्लीतला ऑर्विल एकटा राहतो, माझं ऐकत नाही, निदान तू तरी त्याला धोका सांग. म्हटलं, अफवा पसरवणं माझ्या तत्त्वात बसत नाही.

१४ एप्रिल.
तळघरात पाणी. तांबूस. बर्फ वितळतंय, दरवर्षीचंच. नोरीन म्हणते, लग्न झाल्यापासून बघतेय, असा रंग कधी नव्हता. बायकोला रंगांचं फार. आज लिहिण्याचा मूड गेला.

१६ एप्रिल.
बंधाऱ्याकडून येणारा ओढा एकाएकी आटला. आवाजच बंद. मी म्हटलं, बघ, टळला धोका. नोरीन बॅग भरत होती, बहिणीकडे जायला. म्हणाली, वेंडेल, पाणी वर तुंबलंय, ऊठ, चल. म्हटलं, आज इतिहासाचा लेख सुरू करतोय, मला शांतता हवी. ती दारातून म्हणाली, मिळेल.

१७ एप्रिल. संध्याकाळ. शेजारच्या गावातली शाळा.
बंधारा दुपारी फुटला. टोवाने मला दंडाला धरून ट्रकमध्ये कोंबलं. तिचं घर गेलं. आमचंही.
ऑर्विल सापडत नाही. मागच्या वेळी चिखल कुठे जाऊन साचला होता, ते शोधपथकाला हवंय. नकाशा टोवाच्या घराबरोबर गेला. ती म्हणाली, तो लेख परत आण. मी म्हटलं, परत आणायलाही चर्चा लागते. हॉलमधले सगळे माझ्याकडे वळले.
बटण दाबलं. नकाशा आला. माझ्या फोनवर सगळे वाकले, फोटो काढले आणि धावत निघून गेले. टोवाही गेली.
कोश विचारतोय, लेख परत का आणला? खाली रिकामी चौकट. 'माझी चूक' असं लिहून पाहिलं. बरं दिसेना. शेवटी लिहिलं : 'तांत्रिक कारण.'