तो शेवटच्या पानावरचा

४ मार्च
आजही ती खुदकन हसली! मी समोर बसून चहा पितोय, आणि ही पेपरचं शेवटचं पान उघडून त्या रांगेकराला हसतेय. व्यंगचित्रातला तीन चौकटींचा माणूस! ढगळ पँट, काखेत छत्री, कायम रांगेत शेवटचा. आज काय, तर कपाळावर चढवलेला चष्मा घरभर शोधत होता. "अगं बाई, किती गोड!" – इति बायको.

परवा माझा चष्मा कपाळावर होता तेव्हा? "डोळे फुटले का तुमचे?"

६ मार्च
मेहुणा चित्रकार झाला आणि माझं वाटोळं झालं. बायकोचा धाकटा भाऊ. माझ्याच घरी जेवायचं, आणि माझीच छत्री, माझीच पँट त्या रांगेकराला द्यायची! लोकांनी तर त्याला डोक्यावर घेतलंय. कपावर रांगेकर, टी-शर्टवर रांगेकर, बसच्या पाठीवर रांगेकर. मी वीजबिलांच्या तक्रार-खिडकीत बसतो. आज एक बाई मलाच सुनावते – "आमचा पार रांगेकर केलात हो तुम्ही!" साहेबांनी त्याचं चित्र फळ्यावर लावलंय. माझा फोटो कुणी लावला कधी?

७ मार्च
जळतो मी. हो, जळतो! कागदावरच्या माणसावर. सांगू कुणाला?

१० मार्च
आज कहर झाला. रांगेकर बाथरूमच्या आरशासमोर साहेबांना झापायची तालीम करतोय! हे मी करतो. दार लावून करतो! म्हणजे हिनेच ऐकलं आणि भावाच्या कानात ओतलं.

भडकलो. म्हटलं, "सांग तुझ्या भावाला – रांगेकर बंद. नाहीतर या घराची पायरी चढायची नाही."

ती आधी हसली. मग माझं तोंड बघून थांबली. "एवढा राग येतो तुम्हाला त्याचा?"

"किळस येते!"

"बरं," म्हणाली.

१४ मार्च
जिंकलो! शेवटच्या पानावर शब्दकोडं! बसथांब्यावर सगळ्यांचे चेहरे सुतकी. साहेब विचारतात, "रांगेकर कुठे गेला हो?" मला काय माहीत!

१५ मार्च
तिने पेपर उघडलासुद्धा नाही. चला, आता तरी माझ्याकडे बघेल.

१९ मार्च
कसलं काय! आज मुद्दाम चष्मा कपाळावर चढवून तिच्यासमोरून घिरट्या घातल्या. "कपाळावर आहे," एवढंच, तेही भाजी चिरता चिरता. शिवी तरी द्यायची!

२१ मार्च
मेहुण्याकडे गेलो. म्हटलं, राग सोड बाबा, काढ परत तुझा रांगेकर, घर खायला उठलंय.

त्याने कप दोन्ही हातांनी उचलला. तरी चहा सांडला.

"भाऊजी, हा हात बघा. दोन वर्षं झाली, रेघ सरळ येत नाही. सही माझी. काढायची ताई – दुपारी, तुम्ही ऑफिसात असताना. म्हणायची, त्यांना सांगू नकोस, कळलं तर पोझ देत बसतील."

२२ मार्च
तिला विचारलं, "काढशील परत?" तिने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाली, "आता मला तो दिसतच नाही हो."