चारही चाकं सारखी झिजलेली

आई, आपली गाडी पुन्हा चालू झाली. काल संध्याकाळी रहाटणीहून मिस्त्रीचाचांच्या नातवाचा फोन आला. त्याने ती दुरुस्त करून स्वतः चालवून पाहिली आहे. इंजिन सुरू होतं, पुढची चाकं ओढतात, आणि छोटा दांडा एकदा बसवला की सुटत नाही. मी विचारलं, नक्की? तो म्हणाला, "नक्की ओ आजी, दगडगोट्यात घालून बघितली." वर्तमानपत्रातली नोकरी संपून इतकी वर्षं झाली, तरी बातमी दोनदा विचारून घ्यायची खोड गेलेली नाही. फोन ठेवला आणि पहिली आठवण तुझ्या तळहातांची आली. आबांची त्यानंतर.

दुसरं महायुद्ध संपल्यावर लष्कराने काढून टाकलेल्या गाड्यांमधली ती एक. पुढे तिघं दाटीने बसतील एवढी केबिन आणि मागे उघडा हौदा. चाकणच्या पलीकडच्या आपल्या गावातून आणि वाटेवरच्या वस्त्यांवरून आबा दूध गोळा करायचे आणि पिंपरीच्या नव्या कारखान्याच्या कँटीनला पोचवायचे, पहिल्या पाळीच्या चहाच्या आधी. मग मला चिंचवडला शाळेत सोडायचं आणि रिकामे कॅन घेऊन माघारी. आपल्या गावात चौथीच्या पुढे शाळा नव्हती आणि चिंचवडला जायला दुसरं साधन नव्हतं. गाडी गेली की माझी शाळा गेली, हे घरात कुणी बोलून दाखवलं नाही, पण माहीत सगळ्यांना होतं.

गाव सोडल्यावर खिंडीचा चढ. पावसाळ्यात तिथे मागची चाकं जागच्या जागी फिरत बसायची, म्हणून पुढच्या चाकांनाही ओढ द्यावी लागे. ती ओढ पुढेमागे वाटून देणारी लोखंडी पेटी गाडीच्या पोटाखाली होती. तिचं खरं नाव ट्रान्सफर केस, चाचा तिला छोटी पेटी म्हणायचे. तिचा दांडा गिअरच्या शेजारीच होता. अर्धा चढ झाला की खट्‌ आवाज करून तो आपोआप मागे यायचा, पुढची चाकं मोकळी पडायची आणि गाडी दुधासकट चिखलात बसायची. म्हणून तू मध्ये बसू लागलीस, पदर खोचून, दोन्ही हातांनी दांडा दाबून. पारावरचे लोक ओरडायचे, "आरं, ह्याची गाडी बायकू हाकती बगा!" आबा मान खाली घालायचे. तू खिडकीकडे वाकून सांगायचीस, "व्हय, हाकते. तुमची म्हस बी हाकून देऊ का, दारात बांधूनच ऱ्हाती ती?" मी खिडकीशी बसलेली, दप्तर मांडीवर, आणि मला हसू आवरत नाही.

चिंचवड स्टेशनजवळ पत्र्याखाली चाचांचं गॅरेज होतं. ते पेटी उघडायचे, आतली दातेरी चाकं, म्हणजे त्यांच्या भाषेत दातरे, झिजलेले असायचे ते काढायचे, पुण्याच्या जुन्या बाजारातून दुसरे आणून बसवायचे. काही आठवडे गाडी शहाण्यासारखी वागायची आणि पुन्हा तेच, खट्‌. चाचा स्वतःवरच चिडायचे. "वहिनी, कसम से, माझ्या हातची दुसरी कुठलीच गाडी अशी परत येत नाही." एका श्रावणात गाडी खिंडीत इतका वेळ अडकली की दूध फाटलं. कँटीनचा ठेकेदार सगळ्यांसमोर आबांना म्हणाला, "परत असं झालं तर मग येऊच नका." त्याच आठवड्यात भंगारवाला अंगणात येऊन गाडीभोवती फिरला. आबांनी त्याला फिरू दिलं. तू आतून आलीस, केबिनच्या पायरीवर बसलीस आणि तिथेच तांदूळ निवडायला घेतलेस. तो निघून जाईपर्यंत उठली नाहीस.

शेवटचा प्रयत्न म्हणून आपण चाचांकडे गेलो तो दिवस मला लख्ख दिसतो. चाचा गाडीखाली पडून विचारतायत, "भाऊ, दांडा सुटतो कधी?" आबा म्हणतात, चढाला. तू स्टुलावर बसली आहेस, हातात त्यांच्या घरून आलेला चहा. तू म्हणतेस, "सुटतो कवा ते समदे इचारत्यात. अडतो कवा, त्ये बी इचारा की."

चाचा गाडीखालून बाहेर येतात. "म्हणजे?"

"चिखलात हा माझ्या हातात नरम असतो. वर डांबरीवर आलं की असा आवळतो, जसा कुणी खालनं धरलाय. दोन्ही हातांनी निघत न्हाई. मग मी बी ऱ्हाऊ देते तसाच. परत येताना खिंड हायेच."

चाचा उठून गाडीला एक फेरी मारतात. खिळ्यावरची सुतळी घेऊन पुढच्या टायरला गुंडाळतात, वेढा पुरा होतो तिथे खुणेची गाठ मारतात, मग तीच सुतळी सोडवून मागच्या टायरवर धरतात. टोक गाठीला पोचत नाही. मधली फट ते आबांना बोटाने दाखवतात.

आबांना त्यात काही वावगं दिसत नव्हतं. नवं टायर मागे, ओझं मागे असतं म्हणून. ते झिजलं की पुढे. आपल्याकडे सगळेच तसं करायचे, आणि साध्या ट्रकला ते चालायचंही. चाचांनी सुतळी खांद्यावर टाकली. "भाऊ, दांडा टाकला की चारही चाकं एका पेटीला बांधली जातात. पुढची लहान, मागची मोठी. लहान चाकाला जास्त फेरे हवेत, पेटी देत नाही. चिखलात चाक जरा घसरतं, सुटका होते. डांबरावर कुठे घसरणार? सगळा ताण दातऱ्यांवर, ते झिजतात आणि चढाला दांडा सुटतो." मग त्यांनी कपाळावर हात मारला, तिथे ग्रीसचा पट्टा उमटला. "आणि मी येडा, दात बदलत बसलो. पाय बघितलेच नाहीत!"

उपाय ऐकून आबांचा चेहरा पडला. दातरे एकदा बदलायचेच, पण मागची नवी टायरंही काढायची आणि पुढच्यांइतकीच झिजलेली जोडी शोधून लावायची. "नवी काढून झिजकी घालू? गाव थुंकंल माझ्यावर."

"आता काय हार घालतंय व्हय?" तू म्हणालीस, आणि चहा संपवलास.

टायरं बदलल्यानंतरच्या पहिल्या झडीत खिंडीचा रस्ता राहिलाच नव्हता. अर्ध्या चढावर विटांचा एक ट्रक आडवा रुतलेला. त्याचा ड्रायव्हर हात हलवून आपल्याला मागे जायला सांगत होता. आबांनी तुझ्याकडे पाहिलं. तू म्हणालीस, "घाला कडेनं." त्यांनी गाडी डावीकडे चरात उतरवली. मी डोळे मिटले, कारण दांडा नेहमी सुटायचा ती बाभूळ समोरच होती. खट्‌ आवाज आला नाही. डोळे उघडले तर तुझे दोन्ही हात वर, केबिनच्या छताला टेकलेले. "अवो, बगा! म्या धरलाच न्हाई! म्या धरलाच न्हाई!" आबा मोठ्याने हसत होते. वर पोचेपर्यंत त्यांनी भोंग्यावरचा हात काढला नाही. विटांचा ड्रायव्हर भिजत उभा होता, त्याने टोपी काढून हवेत फिरवली. डांबरीवर आल्यावर आबांनी गाडी थांबवली, कारण आता डांबरावर पुढच्या चाकांची ओढ काढायची असं ठरलं होतं. तू दांडा दोन बोटांनी मागे घेतलास, डब्याचं झाकण उघडावं तसा, आणि परत बसवून पुन्हा काढलास. उगीचच.

कारखान्याची शिट्टी व्हायच्या आधी आपण फाटकाशी होतो. ठेकेदाराने कॅनचं झाकण काढून वास घेतला, एक घोट चाखला आणि म्हणाला, "उतरवा." माझी मॅट्रिक होईपर्यंत तो एवढंच म्हणत आला. मॅट्रिकनंतर मी पुण्याला गेले. आबांनी गाडी चाचांच्या हवाली केली. तिथेच ती पत्र्याखाली उभी राहिली आणि भंगारात गेली नाही.

खिंड आता फोडून रुंद केली आहे. तिथून कंटेनर दिवसरात्र जातात. पण गोदामांच्या मागे जुन्या चढाचा एक तुकडा राहिला आहे म्हणे, दगड आणि माती. रविवारी सकाळी चाचांचा नातू गाडी घेऊन येईल. तो चालवेल, मी मध्ये बसेन, आणि तो तुकडा आम्ही चढणार आहोत. चारही टायरं सारखी झिजलेली लावली आहेत, हे त्याने मी न विचारता सांगितलं. मग म्हणाला, "आणि आजी, दांडा धरायची गरज नाही हां." मी म्हटलं, माहीत आहे मला, नाही धरणार.

तुला म्हणून सांगते, धरणार आहे. बाभळीच्या जागेपर्यंत. मग सोडेन.