फ्लोराची उन्हाळी सुट्टी

२ मे, हॅनोव्हर
ससे-बदकांची शिकार बंद, म्हणून फ्लोराही बंद. घरमालक ब्राण्टची ही दाढीवाली शिकारी कुत्री हिवाळाभर राबते, आता दिवसभर पिंजऱ्यात. फिरवायचं माझ्याकडे. आज बागेत बॉल टाकला तर नुसती बघत राहिली. खेळायचं असतं हेच माहीत नाही बिचारीला! मग जी सुटली...

११ मे
म्हाताऱ्या ब्राण्टने बॉल जप्त केला. "शिकारी कुत्रा आहे, खेळणं नाही. लाडाने कामातून जातो."
मी : "मग सुट्टीत तुम्ही समुद्रावर जाताच ना?"
जाताना म्हणाला, गेल्या वर्षी पाण्याला घाबरून शिकारी कुत्र्यांच्या परीक्षेत नापास झाली. या सप्टेंबरलाही नापास झाली तर देऊन टाकणार.
देऊन टाकणार म्हणे! जुनी खुर्ची आहे का ती?

१२ मे
नवा बॉल आणला. पिवळा. घे जप्त करून.

२० जुलै
रानातल्या प्राण्यांचे पिल्लांचे दिवस संपले, कुत्र्यांना आता दोरीची सक्ती नाही. थेट तळ्यावर. फ्लोरा काठावर कुंईकुंई. शेवटी मीच जीन्ससकट पाण्यात. "आण गं बाई, आण!" पंजे भिजवले, बस. चालेल.

९ ऑगस्ट
पोहतेय!! बॉल, काठी, माझी चप्पल, सगळं आणते. आई फोनवर : "थिसिस लिहितेस की कुत्री नाचवतेस?" दोन्ही. थिसिस जरा कमी.

४ सप्टेंबर
म्हातारा तळ्यावर आला. खोटं बदक फेकलं, जर्मनमध्ये हुकूम सोडला. फ्लोरा ढिम्म. तो हुकूम ऐकला की अजून घाबरते. हळूच म्हटलं, "आण गं." धाडकन पाण्यात! बदक आणलं ते माझ्या पायाशी.
अख्खा उन्हाळा मराठीत बोलले ना तिच्याशी...
म्हातारा एवढंच म्हणाला, "परीक्षेला तुम्ही यायचं नाही."
सॉरी म्हणणार नाही. पोहते ती!

१२ सप्टेंबर
उद्या परीक्षा. सकाळी म्हातारा दारात, टोपी हातात. "तो शब्द काय?"
म्हटलं, शिकवते. पण पास होवो नापास होवो, फ्लोरा इथेच राहणार. आणि बॉलही.
"बघू."
बघू काय बघू! तरी शिकवला.
आता बागेत ओरडतोय, "आन गे! आन गे!" फ्लोरा मान तिरकी करून त्याच्याकडे बघते, मग माझ्या खिडकीकडे. पडद्याआड लपलेय मी. जा गं बाई, त्याच्याकडे जा.