डाव्या मोज्याची टाच

लाडक्या राणीसरकार,

आज सफर संपली. जंगल, वाळवंट, सगळं सायकलवर पार केलं. हाडं शाबूत आहेत. बाळाचा खोकला गेला का?

एक बोलतोच. माझ्यासाठी आणि जोडीदार डॉक्टरसाठी तू विणून पाठवलेले मोजे मीच वाटले. वरचे मला, खालचे त्याला. बघतो तर त्याचे जाडजूड, माझे पातळ! परक्या माणसावर एवढी माया? दोन महिने त्याच्या मागे पायडल मारत जळत होतो.

आज त्याने बूट काढले. डाव्या मोज्याची टाच दुहेरी विणलेली! माझी डावी टाचच आधी फाटते, हे तुझ्याशिवाय कुणाला ठाऊक?

मोजे ओढून घेतले. न धुताच घातलेत.

तुझाच,
बावळट