रश्मीला कोणी गायला सांगू नये

मी, शुभांगी भीमराज भिंगारदिवे, वय चौतीस, कॅलिब्रेशन इंजिनिअर (मोजायची यंत्रे तपासण्याचे काम), राहणार सावेडी, अहिल्यानगर, हे मृत्युपत्र स्वतः टाइप करून लिहून ठेवते. माझ्या डोक्यात गाठ आहे. पुढच्या महिन्यात ती पुण्यात काढतील. गाठ साधी आहे, पण जागा अडचणीची आहे, असे डॉक्टर म्हणाले. डोके उघडण्याआधी ते ताळ्यावर होते, याचा दाखला मी त्यांच्याकडूनच घेतला आणि सोबत जोडला आहे. हे लिहिताना माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव टाकू पाहणारे आहेत, त्यांचा उल्लेख पुढे येईल.

माझे आईवडील हयात नाहीत. मी लग्न केलेले नाही. रश्मी, वय अकरा, ही माझी थोरली बहीण कालकथित ज्योती हिची मुलगी. ज्योती गेल्यावर रश्मीचे वडील सम्राट यांनी तिला नोंदणीकृत दत्तकपत्राने मला दिले. ते ट्रक चालवतात, त्यांचा दुसरा संसार आहे, परीक्षेचा निकाल लागला की फोन करतात. माझी त्यांच्याविषयी तक्रार नाही. कायद्याने रश्मी माझी मुलगी आहे. ती मला माऊ म्हणते. मावशीचे माऊ आधीच झाले होते, दत्तकपत्राने ते बदलले नाही.

कलम १. सावेडीतील फ्लॅट रश्मीचा. ती सज्ञान होईपर्यंत विकू नये, भाड्याने द्यायला हरकत नाही. खाली पिठाची गिरणी आहे, तिची घरघर भिंतीतून वर येते. रश्मी भिंतीला हात लावून त्याच सुरात गुणगुणते. भाडेकरूला त्रास होऊ शकतो, तेव्हा त्याला आधी सांगावे.

कलम २. भविष्यनिर्वाह निधी, विमा आणि बँकेतील ठेव रश्मीच्या शिक्षणासाठी. कोणते शिक्षण, ते तिने ठरवावे. गाण्याचा क्लास तिने स्वतः मागितला तरच लावावा. पोहण्याचा लावला तरी चालेल. पाण्याखाली कोणाच्या मनातले ऐकू येत नाही, असे ती म्हणते.

कलम ३. माझा मायक्रोमीटर, केसाची जाडी मोजणारा, मुबश्शिरा शेख हिला द्यायचा होता. पॉलिटेक्निकपासून आम्ही एका बाकावर आहोत. पण ती या मृत्युपत्रावर साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला काही ठेवू नये, असे वकील म्हणाले. ती म्हणाली, “मग मरायची वाट कशाला बघतेस? आण इकडे.” तो तिला दिला आहे. या कलमाखाली आता देण्यासारखे काही उरलेले नाही.

कलम ४. ज्योतीची पेटी, म्हणजे हार्मोनियम, माझे मामा रखमाजी यांना द्यावी. ते पाथर्डी तालुक्यात राहतात आणि त्यांची गायन पार्टी आहे. पेटी ते इतकी वर्षे मागत आहेत आणि मी देत नव्हते. आता द्यावी. सोबत दुसरे काही देऊ नये. दुसरे काही म्हणजे काय, ते कळण्यासाठी ज्योतीविषयी लिहावे लागेल.

आमच्या बौद्ध घरांत माणूस गेल्यावर पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होतो. वंदना होते, ओळखीचे लोक दोन शब्द बोलतात, कुठे कुठे गाणी होतात. मामांच्या पार्टीचे वेगळेपण असे होते की गेलेल्या माणसाचे स्वतःचे गाणे असायचे. ते ज्योती बांधायची. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी ती त्या घरी जायची आणि ओट्यावर बसून राहायची. काही विचारायची नाही. दुसऱ्या दिवशी ती गाऊ लागली की त्या घरातली माणसे एकमेकांचा हात धरायची. ऐकणाऱ्यांना वाटे, हिने त्या माणसाबरोबर आयुष्य काढले आहे. तिने त्याला पाहिलेलेही नसायचे.

घरी येताना ती एकटी येत नाही, असे आई म्हणायची. एकदा एका घरी गाऊन आल्यापासून ती कोरडे खोकत होती आणि खोकल्यावर छातीला तळहात लावत होती. पुढे त्या घरची मुलगी भेटायला आली आणि उंबऱ्यातच थबकली. म्हणाली, “आमचं दादा असंच करायचं.” आमच्या धर्मात आत्मा नाही. माझ्या कामातही नाही. मी शोध घेतला. गेलेल्या दादांची ती लकब त्या मुलीतही उतरली होती. बोलताना तिचा हात छातीकडे जाई, तिला त्याचा पत्ता नव्हता. ज्योतीने तेवढे उचलले होते. बहुतेक गोष्टींचा उलगडा मला असा लागला. सगळ्यांचा लागला नाही.

शेवटचा नाही. झुंबरबाई नावाची बाई ऊसतोडीच्या कोपीवर, पाचटाच्या झोपडीत, वारली, मागे अंगावर पिणारे मूल ठेवून. तिचे गाणे बांधून आल्यावर ज्योती दुपारी पडायची तेव्हा डावीकडची रिकामी सतरंजी थोपटत राहायची. चार वर्षांची रश्मी उजवीकडे झोपलेली असायची. मी विचारले, काय करतेस. ती म्हणाली, “त्याला अजून झोप लागली न्हाई.” तिला ताप होता. त्या तापात मामांनी तिला आणखी कार्यक्रमांना नेले आणि त्याच तापात ती वारली. त्या कार्यक्रमांत गायली तशी ती कधीच गायली नव्हती, असे लोक आजही सांगतात. मला ते सांगू नये.

मृत्यूच्या दाखल्यावर डेंग्यू लिहिले आहे. दाखला खरा आहे. मामांनी तिला मारले, असे मी कुठेही म्हणत नाही. ढोलकी वाजवताना त्यांच्याही डोळ्यांतून पाणी वाहायचे, पण घरी आले की ते जेवून झोपत. दोघांच्या ऐकण्यात तेवढा फरक होता. तो मोजायचे यंत्र माझ्याकडे नाही. ज्योतीच्या स्वतःच्या कार्यक्रमात कोणीही गायले नाही. गाणे बांधणारीच गेली होती.

कलम ५. रश्मीला कोणत्याही कार्यक्रमात, लग्नात, शाळेत, पाहुण्यांपुढे किंवा मयताच्या घरी गायला सांगू नये. गेल्या उन्हाळ्यात ती मामांकडे राहायला होती. शेजारचे एक आजोबा वारले. मला न विचारता मामांनी तिला त्या ओट्यावर नेऊन बसवले. ती गायली. बायका पदर तोंडात धरून रडल्या, कोणी तिच्या हातात नोट कोंबली. सावेडीला परत आल्यावर ती डाव्या हाताने जेवू लागली. आजोबांचा उजवा हात अर्धांगवायूने गेलेला होता. शाळेने कळवले, मुलगी फार हळवी आहे, तिला खंबीर करा. गावाकडून निरोप आला, पोरीवरून काहीतरी उतरवून टाका. मी दोन्ही केले नाही. तिच्या ताटाच्या डावीकडे बसून मीही डाव्या हाताने जेवले. हळूहळू तिचा हात परत आला.

त्यानंतर मामा पेटी मागायला म्हणून आले. चहा झाल्यावर म्हणाले, “पोरीच्या गळ्यात तिची आई बसलीय. तिला गप बसवायचं पाप तू करनार व्हय?”

मी म्हटले, तिची आई तिच्या गळ्यात नाही, अमरधामाच्या स्मशानभूमीत आहे.

ते म्हणाले, “तू दगडाची हायेस, म्हनून तुला ऐकू येत न्हाई. दुःख झेलल्याबिगर गानं हुत न्हाई. देनगी हाय ती. लोकांची हाय.”

मी त्यांना दार दाखवले नाही, वाढलेले जेवूनच ते गेले. उत्तर येथे देते. रश्मीकडे आहे ते तिचे आहे. मामांनी तिला भेटावे, खाऊ आणावा, तिला वाटले तर ढोलकीही शिकवावी. मामा तिचे पालक होणार नाहीत, आणि पालकाच्या परवानगीशिवाय तिला सावेडीबाहेर नेणार नाहीत.

कलम ६. पालक म्हणून मी आईची धाकटी बहीण छबूबाई, राहणार भिंगार, निवृत्त अंगणवाडी सेविका, यांना नेमते. रखमाजी मामा त्यांचे सख्खे भाऊ आहेत आणि त्या त्यांना घाबरत नाहीत. मुख्य कारण वेगळे आहे. छबूमावशीने रश्मीला आजवर एकदाही “म्हण ना गं” म्हटलेले नाही. मी विचारायला गेले तेव्हा त्या पापड वाळत घालत होत्या. म्हणाल्या, “सांभाळीन की. गानंबिनं तिचं ती बघंल. मला त्यातलं काय कळतंय?” या कामासाठी मला असेच माणूस हवे होते.

त्यांना सूचना. आमच्या प्रयोगशाळेत एक वजनकाटा आहे. शेजारून कोणी चालत गेले तरी त्याचा आकडा हलतो. आम्ही त्याला दगडी ओट्यावर, काचेच्या पेटीत, पंखा नसलेल्या खोलीत ठेवले आहे. आकडा हलतो म्हणून त्याला कोणी बिघडलेला म्हणत नाही, आणि किती छान हलतो हे दाखवायला पाहुण्यांसमोर त्याच्यावर फुंकरही मारत नाही. रश्मीला रडू आले तर “किती रडतेस” म्हणू नये. “किती हळवी आहे माझी बाई” असे कौतुकही करू नये. कोणाच्या घरी तिने “पुरे” म्हटले की निघावे, चहा राहिला तरी चालेल. तिला एकटीला पुष्कळ वेळ हवा असतो, तो राग समजू नये. तिने कधी स्वतःहून गायचे ठरवले, तर अडवू नये.

कलम ७. ज्योतीने कोणी मेले नसतानाही एक गाणे बांधले होते, पाथर्डीच्या बंद पडलेल्या एसटीवर. आम्ही रस्त्यात अडकलो होतो. कंडक्टर, ड्रायव्हर आणि डिकीतल्या कोंबड्या अशा सगळ्यांच्या तोंडी तिने एकेक कडवे घातले आणि सगळी गाडी हसली. मामांच्या पार्टीने ते कधी घेतले नाही. मी बेसूर आहे. तरी ते मी रश्मीला शिकवले आहे, आणि चाल तिने दुरुस्त करून घेतली आहे. तिच्या आईकडून तिला मिळालेला हा वारसा समजावा.

कलम ८. शस्त्रक्रियेत मी दगावले तर विद्युतदाहिनी. पुण्यानुमोदन साधे करावे. गाण्याविषयी मात्र नीट लिहिणे भाग आहे.

तारीख ठरल्यापासून रश्मी चष्मा नसताना नाकाच्या हाडावर बोट सरकवू लागली. ती माझी सवय आहे. मग गॅसचा कॉक बंद केल्यावर पुन्हा हात लावून पाहू लागली. मग भाकरी खाण्याआधी दोन्ही बाजूंनी तपासू लागली. माझ्याजवळ येऊन बसे, काही विचारत नसे. ज्योती ओट्यावर बसायची तशी. ती माझे गाणे बांधत होती आणि मी समोर बसून भाजी निवडत होते.

मी तिला विचारले. ती लपवत नाही. म्हणाली, “आपोआप होतंय. तुझ्याकडे बघायचं नाही म्हटलं तरी होतंय.”

मी म्हटले, नको असेल तर सोडून दे.

“सोडलं तर आत राहतं. आईचं राहिलंय ना.”

मी निवडलेली भाजी धुऊन आणली. मग ती म्हणाली, “माऊ, माणूस गेल्यावरच म्हणायचं असतं का? तू असताना म्हटलं तर?”

अशी प्रथा नाही. मी हो म्हटले.

काल तिने ते म्हटले. साथीला काही नव्हते, ऐकणारी मी एकटी होते. सगळे गाणे येथे लिहीत नाही, ते तिचे आहे. एका जागेपुरते सांगते. मी रोज कामावरून आल्यावर घराबाहेर थोडी थांबते. दिवसभराचे तोंडावरून उतरवते आणि मग किल्ली लावते, मुलीला त्यातले काही लागू नये म्हणून. हे मी कधी कोणाला सांगितलेले नाही. गाण्यात ते आहे. दाराच्या आतल्या बाजूला कोणी तेवढाच वेळ उभे असते, हेही गाण्यात आहे.

म्हणून झाल्यावर तिला भूक लागली. मी भात लावला.

सबब, माझे गाणे झालेले आहे आणि ज्या व्यक्तीचे ते होते तिने ते ऐकलेले आहे. कार्यक्रमात ते कोणीही रश्मीकडे मागू नये.

येथवरचे सर्व मी पुन्हा वाचले. खाडाखोड नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. खालील दोघींनी मला सही करताना पाहिले, मी त्यांना पाहिले.

सही: शुभांगी भीमराज भिंगारदिवे

साक्षीदार:
मुबश्शिरा कमरुद्दीन शेख, सहकारी, राहणार मुकुंदनगर
केशरबाई साळवे, गिरणीमालक व शेजारी, राहणार सावेडी

ठिकाण: अहिल्यानगर
दिनांक: १० नोव्हेंबर २०२५