पिल्लू घरी पोचलं का?

ती. अक्का,

नमस्कार. वाकून करायचा तो मनातल्या मनात केला आहे, कारण कंबर धरली आहे, आणि ती का धरली हे पुढे येईलच. तुझा गुडघा कसा आहे? कानातलं यंत्र लावतेस, की अजून डबीत जपून ठेवून "हल्ली सगळे पुटपुटतात" म्हणून घरादारावर चिडतेस? इकडे सर्व ठीक. सूनबाईचे दिवस भरत आले आहेत, डॉक्टरीणबाई खूश आहेत, आणि मागची खोली आता बाळाची खोली झाली आहे.

सूनबाईला त्या खोलीच्या भिंती फिकट पिवळ्या आणि मोकळ्या हव्या होत्या. (मोकळी भिंत हा सजावटीचा एक प्रकार आहे म्हणे. आपल्या वेळी तिला नुसतं भिंत म्हणत.) मी म्हटलं, एवढी एक भिंत मला दे. तिने दिली, पण अट घातली की बाळाला भीती वाटेल किंवा वाईट वाटेल असं काही तिथे लागणार नाही. मी ताबडतोब कबूल झालो आणि पिशवी घेऊन बाजारात गेलो. तिथे जुन्या बालपुस्तकांतल्या चित्रांच्या प्रती काढून विकणारं एक दुकान आहे. छत्रीवाला ससा, चष्मा लावलेलं अस्वल, नाकडोळे असलेला चंद्र, असं चाळत होतो आणि अक्का, एकदम ते दिसलं. आपलं बदकाचं पिल्लू! आठवतं ना, तुझा वर्ग आणि माझा वर्ग एकाच खोलीत बसायचे, आणि तू उभी राहून "तळ्याकाठचे पिल्लू चुकले, गवतामध्ये कोठे लपले" म्हणायला लागलीस की मी माझी बेरीज सोडून तुझ्याकडे बघत बसायचो. (माझं गणित कच्चं राहिलं त्याला कारण कविता आहे, हे मी मुलाला अनेकदा सांगितलं आहे. त्याला पटत नाही.) पिल्लू घरट्यातून निघतं, बेडकाला वाट विचारतं, गोगलगायीला विचारतं, लव्हाळ्यात अडकतं, आणि संध्याकाळी दगडावर एकटं बसतं. दुकानदार म्हणाला, एवढीच मिळाली, शेवटचं चित्र कुठे सापडलंच नाही. मी म्हटलं, काही बिघडत नाही, शेवट मला पाठ आहे.

चौकटी केल्या, खिळे ठोकले, माझ्या डोळ्यांच्या रेषेत सगळी चित्रं नीट ओळीत लावली. मग मनात आलं, पाळण्यातून ती दिसतील का? खात्री करावी म्हणून पाळणा जिथे यायचा तिथे फरशीवर उताणा झालो. अक्का, काय सांगू! खिडकीतून ऊन येत होतं, फरशी गार होती, डोक्यावर पिल्लू चाललं होतं आणि तुझा तो शाळेतला आवाज कानात. मला झोप लागली. तेवढ्यात पाळणा घेऊन सुतार आला, आणि मला पाहून "आजोबा गेले!" म्हणून ओरडला. मुलगा अर्ध्या दाढीने धावत आला. मी डोळे उघडून "जरा हळू, बाळ झोपेल" म्हणालो, (झोपेत होतो, दुसरं काय म्हणणार?) तेव्हा सुतार आणखीच घाबरला. उठवताना दोघांनी दोन दिशांना ओढलं. कंबर ती तेव्हाची, आणि मी पुन्हा फरशीवर.

सूनबाई मात्र रागावली नाही. भिंतीला धरून सावकाश माझ्या शेजारी टेकली, आणि तिथून तिने चित्रं पहिल्यांदा ओळीने पाहिली. दगडापाशी थांबली. "बाबा, पुढे काय झालं? पोचलं का ते घरी?" मी म्हटलं, पोचलं तर! ऐक. आणि घसा साफ करून सुरुवात केली. बेडूक झाला, गोगलगाय झाली, लव्हाळं झालं, दगड झाला, आणि पुढे कोरं. एक अक्षर नाही! म्हणून मी जरा थांबून "आई दिसली, पिल्लू हसले, पंखाखाली जाउनि बसले" म्हटलं. ती म्हणाली, "हे तुम्ही आत्ता केलंत." मी म्हटलं, कशावरून? "पाठ असलेली कविता म्हणताना कुणी बोटांवर मात्रा मोजत नाही, बाबा."

आता तिचं म्हणणं असं की रोज संध्याकाळी माझं मूल त्या एकट्या पिल्लाकडे बघत झोपणार नाही. खरा शेवट कळला तर ठीक, नाहीतर चित्रं उतरवायची. मुलाने तोड काढली की सगळी उलट क्रमाने लावा, म्हणजे आपोआप घरी जाईल. लावून पाहिली. पिल्लू घरी जातं खरं, पण शेपटीकडून, मागे मागे सरकत. सूनबाई हसून हसून कॉटवर बसली, आणि म्हणाली, पुन्हा सरळ लावा.

तर असं सगळं आनंदात आहे. तब्येतीला जप.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. सहज विचारतो, त्या कवितेचं शेवटचं कडवं तुला आठवतं का? बाळ यायच्या आत कळव.

ता. क. दुसरा. समजा आठवलं, आणि पिल्लू घरी पोचलेलं नसलं, तर पोचलं असंच लिही. तुझ्यावर सूनबाईचा फार विश्वास आहे. हे आपल्यातच ठेव.

ता. क. तिसरा. पाकिटावर पत्ता घालायला पत्र सूनबाईकडेच द्यावं लागलं (माझं अक्षर पोस्टमनला लागत नाही), आणि तिने ते सगळं वाचलं. मला वाटलं, आता चित्रं उतरली. पण ती भिंतीकडे बघत म्हणाली, आत्यांना लिहा, पिल्लू पोचलं असेल तर उत्तर ताबडतोब पाठवा. नसेल पोचलं, तर काही घाई नाही, मूल शाळेत जायला लागलं की पाठवा.