परसातला कप्पा

शिरोली
ता. ११ नोव्हेंबर २००३

चि. सौ. बिंदूस अव्वाचा आशीर्वाद.

हिकडं समदी खुशाल. तुझे मामंजी दुकानात, शिवकुमार फौंड्रीत. एका म्हशीचं दूध आटलं. बाळाला दात आला म्हणं? शिवकुमार तुझ्याकडनं आला की फोटो दावतो आन् गप जेवून झोपतो. "बिंदू कधी येणार?" म्हटलं की ताटाकडं बघतो. पोरगं पाच महिन्याचं झालं, आजून माझ्या मांडीवर आलं न्हाय.

तुझ्या आईनं आली तवा परसात खोचलेल्या कप्प्याच्या, तुमच्याकडच्या त्या कंदाच्या, काड्या माझ्या डोक्याच्या वर गेल्यात. मी पाणी घालत न्हवते. राग न्हवं गं, तिकडं बघायची लाज वाटायची. तरी वाढल्या.

शिवरात्रीचं लिहायला बसले आन् म्हशीचं सांगत बसले बघ.

त्या दिवशी तुला बाळंतपणाला न्यायला तुझी आई आलती. तेच कप्प्याचे लांबडे कंद पोतंभर घिऊन. आम्हा उपासवाल्यांसाठी म्हणून तिनं सकाळीच सोलले, उकडले, पाणी ओतून टाकलं, वर खोबरं घातलं. शेजारच्या धोंडुबाई आन् बनाबाई फराळाला आलत्या. धोंडुबाई म्हणाली, "आगं, मासळीसंगं खात्यात ते हे. शिवरात्रीला तुझ्या घरात शिजवलं व्हय?" मी भांडं उचलून मागल्या दारी ठेवलं, आन् तुझ्या आईदेखत सैपाकाचा कट्टा धुतला. मग साबुदाण्याची खिचडी केली. तुझ्या आईनं ती खाल्ली. "चांगलं" म्हणाली, तिला येतो तेवढा एक मराठी शब्द. तू ताटावरनं उठलीस. मागल्या दारचं भांडं मग तिनंच घासलं.

तू म्हणत असशील, अव्वा अडाणी, तिला काय ठावं. बिंदू, मला ठावं हुतं. माझं लग्न झाल्यावर तुझ्या मामंजींच्या संगं दुकानाचा माल बघायला सेलमला गेलते. कारखान्याच्या दारात ह्याच कंदांचा ढीग, बायका सोलत बसलेल्या. आत त्याचंच पीठ काढून साबुदाणा करत हुते. डोळ्यानं बघितलंय मी. धोंडुबाईला एका शब्दात गप करता आलं असतं. पर "मद्राशीन सून केली" म्हणून गल्ली आधीच बोलत हुती, त्यात आणि आपलं नाक खाली नको, म्हणून गप बसले. दारी आलेल्या इहिणीचं आन्न भाईर काढलं, आन् तेच दुसऱ्या नावानं तिच्या ताटात वाढलं.

काल कार्तिकातला सोमवार. एक झाड उपटलं. शिवकुमारला इचारून इचारून शिजवलं. त्या दोघींना फराळाला बोलावलं, साबुदाणा केलाच न्हाय. वाढताना समदं सांगितलं, सेलमचं बी आन् माझं बी. धोंडुबाई ताट सारून गेली. बनाबाई बसली आन् दुसऱ्यांदा मागून घेतलं. तुझी आई करते तशी चव काय आली न्हाय.

हे पत्र आईला वाचून दाव. तुमच्या भाषेत सांगताना माझी बाजू घिऊ नगंस, हाय तसं सांग.

बाकीची झाडं ठेवल्यात. त्यांच्या काड्या परत कशा खोचायच्या ते मला कळत न्हाय. आईला आन् बाळाला घिऊन ये म्हणायला तोंड न्हाय मला, तरी म्हणते. कट्टा तिचा, मी सोलून दीन.

वर सवयीनं अव्वा लिहून गेले. खाली नुसतं नाव घालते. मला आई मानून अव्वा म्हणायचं का न्हाय, ते तू ठरीव.

नीलम्मा